दोन नंबरचा ठिपका

माझं अक्षर वाईट आहे. रेघ सोडून खाली घसरतं. ऱ्हस्व-दीर्घ चौथीत गुरुजींनी शिकवले तेवढेच, त्यातलेही निम्मे विसरले. ही वही मी ट्रंकेत कपड्यांखाली ठेवणार आहे, कोणाला दाखवायची नाही. तरी कोणाच्या हाती लागलीच तर चुका सुधारून वाचा आणि माफ करा. मला चारचौघांत बोलता येत नाही. त्यामुळे बरंच बोलायचं राहून गेलं. त्यातलं एक इथं लिहिते.

नागभीडच्या पुढे धानाच्या बांध्यांमध्ये एक धर्मादाय दवाखाना होता. तिथल्या रक्त तपासायच्या खोलीत मी काम केलं. लागले तेव्हा नळ्या धुणारी म्हणून लागले. लोकांना वाटतं, भांडी घासण्यासारखंच असेल. तसं नाही. घरची कढई नीट घासली नाही तर कालच्या भाजीचा वास येतो, एवढंच. इथं नळी नीट धुतली नाही तर काल आलेल्या माणसाचा रोग आज आलेल्या माणसाच्या नावावर चढतो. म्हणून आधी नळ्या ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवायच्या, मग साबण, मग साधं पाणी पाच वेळा, मग गरम पेटीत वाळवायच्या. मी पाचच्या जागी सात वेळा पाणी घालत असे. माझ्या हातून एकाचं रक्त दुसऱ्यात कधी गेलं नाही. हे मी छाती काढून सांगू शकते. दुसरं मात्र तसं सांगता येत नाही.

तपासणी करायचे वासुदेवभाऊ. माणूस हुशार, पण एकटा. पावसाळ्यात मलेरियाच्या काचा तपासता तपासता त्यांची मान आखडून जायची. मला वाचता येतं हे त्यांना एकदा कळलं आणि माझ्या हातात पेन आला.

"शेवंताबाई, रजिस्टरातलं पाहून चिठ्ठीवर उतरवता येते का वो तुम्हाले? मी खाली सही करत जातो."

मी मान हलवली. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. नाव, गाव, कोणती तपासणी आणि काय निघालं, एवढंच उतरवायचं. वासुदेवभाऊ सही करायचे आणि चिठ्ठी म्याडमकडे जायची. म्याडम म्हणजे आमच्या डॉक्टरीणबाई. पुण्याकडच्या, पण इथंच राहिलेल्या.

तेव्हा एड्सचं नाव गावोगाव झालं होतं. ती तपासणी एका गोल पांढऱ्या डबीवर व्हायची. रक्ताचं वरचं पिवळं पाणी तिच्यात थेंबथेंब टाकायचं, मग दुसरी औषधं. थोड्या वेळाने गुलाबी ठिपके उमटायचे. एक ठिपका सगळ्यांनाच यायचा. तो आला म्हणजे तपासणी नीट झाली. बाकी दोन जागा होत्या, त्या कोऱ्या राहाव्यात म्हणून मी मनात देवाचं नाव घ्यायची. ठिपका उमटला की वासुदेवभाऊ रजिस्टरात "पॉझिटिव्ह" लिहायचे आणि त्याच्यापुढे एक आकडा. जवळजवळ नेहमी एक.

तो आकडा कशाचा, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला तोंड उघडावं लागतं. आम्ही खात्री करायला काही जणांचं रक्त दुसऱ्यांदा तपासायचो. मी समजले, एकदा तपासलं की एक आणि दोनदा तपासलं की दोन. कितीदा तपासलं हे रोग्याला काय करायचंय? चिठ्ठीवर जागाही कमी. मी आकडा सोडून द्यायची. कोणी काही म्हटलं नाही.

बेबीबाई ढिवरीण दवाखान्याच्या फाटकाशी मच्छी विकायची. मामा तलावातली, म्हणजे मालगुजारांच्या वेळच्या गावतळ्यातली मच्छी, आणि थंडीत शिंगाडे. तोंड फार चालायचं. माझ्याशी तर ती मुद्दाम भांडायची, मी बोलावं म्हणून.

"का वं शेवंता, तुह्या तोंडाले कुलूप लावून किल्ली कुठी तलावात टाकली का? मी जाळं टाकून काढू?"

एका साली तिला ताप सुरू झाला, तो जाईना. म्याडमनी रक्त तपासायला पाठवलं. गुलाबी ठिपका आला. मी डबीकडे पाहतच राहिले. ती विधवा होती. नवरा कितीतरी वर्षं गोव्याकडे समुद्राच्या बोटीवर कामाला होता. तो परत आला आणि साप चावून मेला, त्यालाही अकरा वर्षं झाली होती. त्यानंतर ह्या बाईने कोणाकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. मग हे अकरा वर्षं कुठे लपून बसलं होतं? वासुदेवभाऊंनी पुन्हा तपासलं. ठिपका पुन्हा आला. त्यांनी रजिस्टरात लिहिलं, "पॉझिटिव्ह" आणि पुढे दोन. मी म्हटलं बरोबर, दोनदा पाहिलं ना. मी चिठ्ठी लिहिली, दोन सोडला, भाऊंनी सही केली.

म्याडमनी तिला गोळ्या सुरू केल्या. तीन औषधं एकाच गोळीत, सकाळ-संध्याकाळ. बेबीबाई दोन-तीन महिन्यांत उठून बसली, टोपली डोक्यावर घेऊन फाटकाशी आली, आणि आम्हाला वाटलं जिंकलो. पण पुढे ती पुन्हा वाळायला लागली. जिभेवर पांढरा थर आला. म्याडम रागावल्या.

"बेबीबाई, गोळ्या चुकवतेस तू."

"एक बी नाई चुकवली म्याडम. जेवण चुकलं असन, गोळी नाई."

म्याडमनी मला उरलेल्या गोळ्या मोजायला लावल्या. बरोबर होत्या. एकही चुकली नव्हती. मग त्यांनी तिचं रक्त बर्फाच्या थर्मासमध्ये घालून छोट्या रुळांच्या रेल्वेगाडीने नागपूरला पाठवलं. रक्तात विषाणू किती आहेत ते तिथं मोजणार होते. त्या मोजणीला फार पैसे पडायचे. म्याडमच्या ओळखीने ते फुकट झालं.

कागद आला. विषाणू सापडला नाही!

म्याडमनी तो दोनदा वाचला. बेबीबाईला सांगितलं तेव्हा ती तिथल्या तिथे खाली बसली. दुसऱ्या दिवशी टोपलीभर उकडलेले शिंगाडे घेऊन आली आणि चौकीदारापासून सगळ्यांना वाटले. मलाही दिले. म्हणाली, "खाय वं, माह्या अंगातला भूत पळाला." ते बोलताना तिच्या गळ्याची हाडं मोजता येत होती. दहा दिवसांनी ती त्याच फाटकाशी चक्कर येऊन पडली. तिला खाटेवर घेतलं. म्याडमचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. औषध बरोबर, गोळ्या बरोबर, विषाणू नाही, आणि बाई आमच्या डोळ्यांसमोर संपत चालली होती.

त्याच आठवड्यात मल्लय्याचा कागद आला. मल्लय्या सिरोंच्याकडचा नावाडी. त्याचे पाय लाकडासारखे ताठ झाले होते. पाऊल उचलत नसे, घासत चालायचा, लघवी आवरत नसे. कमरेवर कोणी जादू केली म्हणून त्याने दोन कोंबडे आणि एक बकरा दिला होता. आमच्या डबीवर त्याला काहीच निघालं नव्हतं. म्याडमनी शंका आली म्हणून त्याचंही रक्त बाहेर पाठवलं होतं. त्यात वेगळ्याच विषाणूचं नाव निघालं. वासुदेवभाऊंनीही ते पहिल्यांदाच पाहिलं. मी गरम पेटीतून नळ्या काढत होते. म्याडम स्टुलावर बसून त्यांना समजावून सांगायला लागल्या.

"एचआयव्हीचाच चुलतभाऊ आहे हा. ही सगळी भावकी उलट्या चालीची. सातबाऱ्यावरून नक्कल निघते की नाही? आपल्या शरीरातही मूळ दप्तर असतं आणि त्यावरून नकला निघून काम चालतं. हे विषाणू नुसती नक्कल हातात घेऊन येतात आणि तिच्यावरून उलट आपल्याच मूळ दप्तरात आपलं नाव चढवतात. एकदा सातबाऱ्यावर नाव चढलं की ते जन्मभर निघत नाही."

"मंग दोघं बी सारखेच ना?" वासुदेवभाऊंनी विचारलं.

"नाव सारखंच चढवतात, पण पुढे वागणं निराळं. धानाला डुकरं लागू नयेत म्हणून तुम्ही जागल्या ठेवता ना? रक्तात तसे जागले असतात. एचआयव्ही त्या जागल्यांच्या घरात घुसून त्यांनाच मारतो, मग कोणताही रोग येऊन शेत खातो. हा चुलतभाऊ जागल्यांना मारत नाही. तो त्यांची पैदास वाढवतो. बहुतेकांना जन्मभर काही होत नाही. कोणाकोणाच्या मात्र पाठीच्या कण्याला सूज येऊन पाय असे ताठ होतात, आणि एखाद्याला ते जागलेच माजून रक्ताचा कर्करोग होतो. आईच्या दुधातून येतो, नवरा-बायकोच्या संबंधातून येतो, रक्तातून येतो."

जागला मेला तरी शेत जातं, आणि जागले माजले तरी जातं. मी हे मनात घोळवत नळ्या लावत होते. तेवढ्यात म्याडम पुढे म्हणाल्या, "आणि एचआयव्हीत तरी कुठे एकच आहे? एक नंबर आणि दोन नंबर, सख्खे भाऊ. आपल्या डबीवर दोघांचे ठिपके वेगळे असतात. एक नंबर झपाट्याने मारतो. दोन नंबर मंद. दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं गप्प बसतो, कोणी कोणी तर म्हातारे होऊन दुसऱ्याच कारणाने मरतात. पण एकदा उठला की तोही तसाच मारतो. आणि आपली नेहमीची गोळी त्याला पुरती लागू पडत नाही."

माझ्या हातातली नळी खाली पडून फुटली. त्या खोलीत माझ्या हातून फुटलेली ती पहिली नळी.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी काच गोळा करायला वाकले आणि वाकलेलीच राहिले. अकरा वर्षं. गप्प बसलेला. दोनदा तपासलं म्हणून दोन. मी उठून रजिस्टर काढलं, मागची पानं उलटली. बेबीबाई, पॉझिटिव्ह, दोन. मग वर गेले, खाली गेले. ज्यांचं रक्त दोनदा तपासलेलं मला पक्कं आठवत होतं त्यांच्यापुढेही एकचाच आकडा होता. इतकी वर्षं ते माझ्या डोळ्यांसमोर होतं.

मी रजिस्टर म्याडमच्या मांडीवर ठेवलं. मी त्या आकड्यावर बोट ठेवलं, मग स्वतःच्या छातीवर ठेवलं.

म्याडमनी कागदांच्या गठ्ठ्यातून बेबीबाईची चिठ्ठी काढली. तिच्यावर दोन नव्हता. वासुदेवभाऊ पांढरे पडले होते.

"चिठ्ठी तू लिहिलीस?"

"हो."

"आकडा का सोडलास?"

"मले वाटलं दोनदा तपासलं." घाबरले की मी घरच्या बोलीत बोलते.

मला वाटलं आता काम गेलं. जायलाच हवं होतं. म्याडम म्हणाल्या, "सही वासुदेवची आहे. औषध मी दिलं. बाई अकरा वर्षं धडधाकट होती हे कळलं, तेव्हाच मी हे रजिस्टर उघडायला हवं होतं." मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "आणि ती नागपूरची मोजणी! ती फक्त एक नंबरलाच ओळखते. एकाचा फोटो घेऊन दुसऱ्याला शोधायला गेलं तर सापडणार कसा?"

मग म्याडमनी समजावलं, तिच्या गोळीतली दोन औषधं थोडीफार चालली होती. म्हणून ती आधी उठून बसली. मूळ दप्तरात नाव चढवायला विषाणूकडे जणू एक कारकून असतो, तिसरं औषध त्याचा हात बांधून टाकतं. पण दोन नंबरच्या कारकुनाच्या हाताची घडणच वेगळी, तिथं ती गाठ बसतच नाही. म्हणजे इतके महिने तिला अपुरंच औषध मिळत होतं.

बेबीबाईला मीच सांगते म्हणाले. म्याडम सोबत येत होत्या, मी नको म्हटलं. खाटेजवळ जाऊन मी सगळं सांगितलं, चिठ्ठीचंही. आयुष्यात एवढं एका दमात मी बोलले नव्हते. ती छताकडे पाहत होती.

"म्हणजे मले बिमारी बी दोन नंबरचीच लागली," ती म्हणाली. "अस्सल काई माह्या नशिबातच नाई."

मला हसूही येईना, रडूही येईना.

"अन् तुले माहीत नव्हतं त विचारलं काऊन नाई वं? तोंड कायले देलं देवानं? इतक्या दिवस मी मस्करी करून राह्यली होती, का बोल माय, बोल माय. बोलली असती त मी अशी वाळली असती का?"

तिने भिंतीकडे तोंड केलं. मी तिचे पाय धरायला गेले तर तिने पाय वर ओढून घेतले. ते मला अजून दिसतं.

मल्लय्या मात्र खूश होऊन गेला. म्याडमनी त्याला सांगितलं की हे मुळातून काढणारं औषध नाही, पायांचा ताठरपणा थोडा कमी करता येईल. त्याने नाव विचारलं, म्याडमनी इंग्रजी अक्षरं सांगितली. त्याला ती म्हणता येईनात. बाहेर पडताना तो मला म्हणाला, "येड्स नाई ना? मंग बस. ज्या बिमारीचं नाव गावाले माहीत नाई, ती बिमारी चांगली बाई. कोणी विहिरीवरून हाकलत तरी नाई." मी त्याच्या घासत जाणाऱ्या पायांकडे पाहत राहिले. रोगाच्या भावकीत कोण वाईट आणि कोण बरा, हे रक्तावरून म्याडम ठरवत होत्या, आणि गाव नावावरून ठरवत होतं.

दोन नंबरला चालणारी औषधं होती, पण महाग. एका महिन्याचे पैसे म्हणजे माझा दोन-अडीच महिन्यांचा पगार. नागपूरच्या सरकारी दवाखान्यातून ती फुकट मिळावीत म्हणून म्याडमनी अर्ज केला, पण तोवर किती महिने जातील ते कोणी सांगेना. दवाखान्याने पहिला महिना भागवला. पुढे?

आमच्या गावात बायकांचा बचत गट होता. बेबीबाईही त्यात होती, मीही. मी सभेत कोपऱ्यात बसायची, नाव घेतलं की हजर म्हणायची, बस. गटाच्या अध्यक्ष शकुंतलाबाई. बेबीबाईला कर्ज द्यायचा विषय निघाला तशी कुजबुज सुरू झाली.

"मरणाऱ्या बाईले कर्ज देते का कोणी? फेडीन कोण, तिचा भूत?"

"अन् बिमारी बी दोन नंबरची म्हणते. म्हणजे पैलीपेक्षा डब्बल."

मी उभी राहिले. पदर तोंडावरच होता. "डब्बल नाई," मी म्हटलं. "मंद हाये. बरोबर औषध भेटलं त ती जगते. ती तिच्या करणीनं नाई पडली. माह्या चुकीनं पडली." आणि मी त्यांना डबी, ठिपके, सातबारा, जागले, चिठ्ठी, सगळं सांगितलं. एक बाई माझ्यापासून सरकून बसली. शेवटी शकुंतलाबाई म्हणाल्या, "जामीन तू राह्यशीन का?" मी हो म्हटलं. आठ हजार मंजूर झाले.

नवी औषधं सुरू झाली. पहिले दोन महिने काहीच फरक दिसला नाही. मी रोज सकाळी आधी तिच्या खाटेकडे पाहायची, मग कामाला लागायची. हप्त्याची तारीख आली तेव्हा मी माझ्या पगारातले पैसे घेऊन गेले. चूक माझी होती. बेबीबाईला हे कळलं आणि ती खाटेवर उठून बसली. कित्येक दिवसांत पहिल्यांदा आपली आपण उठली.

"परत आण ते पैसे! तू भरले त बाया समजतीन बेबी मेली. माह्यं कर्ज मी फेडीन. तुले जामीन राह्याले सांगतलं, माह्या जागी जगाले नाई सांगतलं."

मी पैसे परत आणले. तो आणि पुढचा, असे दोन हप्ते थकले. गटात टोमणे झाले, मी खाली मान घालून ऐकले. तिसऱ्या महिन्यात तिच्या जिभेवरचा पांढरा थर गेला. पाचव्या महिन्यात ती काठी घेऊन तलावावर गेली आणि जावेच्या शिंगाड्यांवर देखरेख करत बसली. सहाव्यात नागपूरहून औषधं फुकट यायला लागली. ती फाटकाशी पुन्हा बसायला लागली तेव्हा चार गिऱ्हाइकं कमी झाली होती. तिच्या हातची मच्छी नको म्हणायचे. म्याडम भर दुपारी चौकीदारासमोर उभ्या राहून तिच्याकडून मच्छी घ्यायच्या, स्वतः शाकाहारी असून. ती मच्छी आमच्या घरी शिजायची.

वासुदेवभाऊ त्यानंतर आकड्याच्या जागी अक्षरात लिहायचे, "नंबर एक" किंवा "नंबर दोन", आणि सही करायच्या आधी चिठ्ठी मोठ्याने वाचायचे. मी रजिस्टरातलं न समजलेलं विचारायला लागले. विचारताना अजूनही घाम यायचा. पण ज्या चिठ्ठ्या मी त्याआधी लिहिल्या, त्यांत आणखी कोणाचा दोन मी सोडला का, हे मी रात्रंदिवस शोधलं. रजिस्टरांची एक पेटी वाळवीने खाल्ली होती. तिच्यात काय होतं ते मला कधीच कळणार नाही.

बेबीबाई दर आठवड्याला हप्ते भरत राहिली. कधी शंभर, कधी साठ, शिंगाड्याच्या दिवसांत पाचशे. ती माझ्याशी पुन्हा पहिल्यासारखी भांडायला लागली, पण त्याला वर्षाच्या वर लागलं.

दुसऱ्या वर्षीच्या थंडीत एका सभेला ती बाजारातून तशीच आली. टोपली दाराबाहेर ठेवली. कमरेची पिशवी सोडून तिने नोटा शकुंतलाबाईंसमोर ठेवल्या. शकुंतलाबाईंनी मोजल्या. ओल्या नोटा एकमेकींना चिकटत होत्या, म्हणून पुन्हा मोजल्या.

"झाले पुरे," त्या म्हणाल्या.

"मंग लिहा तसं," बेबीबाई म्हणाली. ती उभीच होती. "अन् मोठ्यानं वाचा. ह्या बायायले आयकू द्या."

शकुंतलाबाईंनी लिहिलं, चष्मा वर केला आणि वाचलं: बेबीबाई ढिवर, कर्ज रुपये आठ हजार, व्याजासह पूर्ण फेड केली. बाकी काही नाही.